घरातील जाणती व्यक्ती

"सर, ही लिंक मी उघडलेली नाही."

प्रणिताने दुसऱ्यांदा तेच सांगितलं तेव्हा मी खुर्ची सरकवून तिच्या स्क्रीनकडे पाहिलं. हिरव्या अक्षरांत लिहून आलं होतं: लिंक उघडली, सकाळी ११.४२. घड्याळात बारा वाजून गेले होते. पावणेबाराच्या सुमारास आम्ही दोघंही खाली चहाच्या गाडीवर होतो आणि तिचा फोन वर टेबलावर चार्जिंगला लावलेला होता.

"चुकून कुणाचा हात लागला असेल."

"कुणाचा? ऑफिसात होतं कोण, सर?"

कोणी नव्हतं. आमची पोरं गुरुवारी घरूनच काम करायची. मृणाल मॅडम केबिनचं दार लावून फोनवर बोलत होत्या.

"मग मशिनचीच काहीतरी भानगड असेल," मी म्हणालो. "नवीन आहे अजून. दात येतायत त्याला."

एरवी माझ्या असल्या विनोदांना ती सवयीने तरी हसायची. त्या दिवशी तिने फोन उचलून पाहिला. लिंकचा मेसेज तिच्या फोनवर तसाच होता, न वाचलेला. तिने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून राहिली.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मी तेव्हा कोल्हापुरात, पुणे-बंगळूर रस्त्याजवळच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपत्रकं लिहायचो. त्याआधी एकवीस वर्षं मी पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात हेच काम केलं होतं. 'ओल्या हाताने बटण दाबू नये', 'पंप कोरडा चालवू नये' हे सगळं मराठी माझं. कारखाना बंद पडला आणि ही कंपनी चालवणाऱ्या, माझ्या मुलीच्या वयाच्या मृणाल शिंत्रे मॅडमनी मला बोलावून घेतलं. "आमची पोरं काय लिहितात ते आम्हालाच कळत नाही ओ," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहा की, चौगुले सर." माझी छाती दोन इंच फुगली होती, खोटं कशाला सांगू.

कंपनी एका मोठ्या हॉस्पिटलसाठी एजंट बनवत होती. एजंट म्हणजे कॉम्प्युटरमधला कारकूनच म्हणा. पेशंटने फोनवर विचारलं, माझ्या रिपोर्टमध्ये काय आलंय, की त्याने कागद बघून उत्तर द्यायचं. पण कुणाचेही कागद कुणालाही दाखवायचे नाहीत, म्हणून ओळख-लिंक. एजंट पेशंटच्या फोनवर एक लिंक पाठवणार, पेशंट ती उघडणार, आपलं नाव, पत्ता आणि पुढच्या तपासणीची तारीख पडताळून खालचं परवानगीचं बटण दाबणार. ही लिंक कधी पाठवायची, कशी पाठवायची, पेशंट गोंधळला तर काय करायचं, ते सगळं लिहायचं काम माझ्याकडे होतं. आणि गंमत अशी की ते माणसांनी वाचायचं नव्हतं. एजंटने वाचायचं होतं आणि वाचून तसं वागायचं होतं.

"तो प्रत्येक ओळ वाचतो हं, सर," मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला ते फार आवडलं. एकवीस वर्षांत माझी प्रत्येक ओळ वाचणारा कुणी भेटला नव्हता.

प्रणिता मुळे आमच्याकडे चाचण्या घ्यायची. एकोणतीस-तीस वर्षांची, बार्शीकडची, कामाला चोख. ती नवऱ्याला सोडून आली होती हे ऑफिसात मॅडम आणि मी, दोघांनाच माहीत होतं. तो तिला कोंडून ठेवायचा, मारायचा. ती पळाली, सोलापुरात मावशीकडे राहिली, तिथे त्याने तिला शोधून काढलं. नंतर सातारा. तिथेही. दुसऱ्या वेळी तिचं मनगट मोडलं. "तिसऱ्यांदा सापडले तर तो मला सोडणार नाही, सर," हे तिने मला डबा खाता खाता, मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात सांगितलं होतं. कोल्हापुरात ती नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात माहेरच्या नावाने राहत होती. ऑफिसच्या फोटोत ती कधी उभी राहिली नाही.

आणि तिच्याच खऱ्या खात्यावर आम्ही ती चाचणी केली. हट्ट माझा होता. चाचणीसाठी बनवलेल्या खोट्या पेशंटांच्या फायली रिकाम्या होत्या, त्यांची चित्रं माहितीपत्रकात ओकीबोकी दिसायची. त्याच हॉस्पिटलच्या सोलापूरच्या शाखेत प्रणिताचं पूर्वी ऑपरेशन झालेलं, फाइल चांगली भरलेली. आता कोल्हापूरच्या शाखेकडून तिची थायरॉइडची औषधं ऑफिसच्या पत्त्यावर यायची.

"नाव झाकाल ना?" तिने विचारलं होतं.

"काळं फासतो," मी म्हणालो.

लिंक सव्वाअकराला गेली. मला 'पेशंटची वाट पाहत आहे' या पडद्याचं चित्र हवं होतं, म्हणून मीच तिला म्हणालो, लगेच उघडू नकोस, चहा घेऊन येऊ.

तर बारा वाजून गेल्यावर आम्ही त्या हिरव्या अक्षरांकडे बघत बसलो होतो, तेवढ्यात ऑफिसचा टेबलावरचा फोन वाजला. त्यावर सहसा कुणी फोन करत नसे. मी उचलला.

"नमस्कार," पलीकडचा आवाज शांत होता, शब्द सावकाश आणि स्वच्छ. "औषधांचं पार्सल द्यायचं होतं. आपलं ऑफिस किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

"सहापर्यंत. पार्सल कुणाच्या नावाचं?"

"ते आल्यावर बोलूच. आभारी आहे."

"कोण होतं?" प्रणिताने विचारलं.

"कुरियरवाला. तुझी औषधं आली वाटतं."

"माझी औषधं मागच्या सोमवारीच आली, सर."

ती उठली आणि मॅडमच्या केबिनमध्ये गेली. मीही मागून गेलो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, पण दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलचे लोक एजंट बघायला येणार होते आणि त्यांचं अर्धं डोकं तिकडेच होतं.

"अगं, काही फोन मेसेज आल्या आल्या स्वतःच लिंक तपासतात. मग उघडली असं दिसतं. घाबरू नकोस. सर, तुम्ही एकदा एजंटची नोंदवही बघा की. म्हणजे हिचंही समाधान होईल. आणि तुमची चित्रं झाली का?"

चित्रं झाली नव्हती. मी आधी चित्रं पूर्ण केली. मग जेवलो. प्रणिताने डबा उघडला नाही, दोनदा येऊन विचारून गेली, "पाहिलंत का, सर?" आणि दोन्हीदा मी "बघतो, बघतो" म्हणालो. ते अडीच तास आठवले की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पावणेतीनला मी नोंदवही उघडली. एजंट आपण काय केलं ते साध्या वाक्यांत लिहून ठेवायचा. ते वाक्यन् वाक्य मला पाठ आहे.

लिंक पाठवली, ११.१५. पंधरा मिनिटं झाली, लिंक उघडलेली नाही. पेशंटला अडचण असावी. माहितीपत्रक, भाग चार, शेवटची ओळ पाहिली. पेशंटच्या फाइलमध्ये घरातील व्यक्तीचा नंबर मिळाला: शशिकांत बारबोले, पती. त्यांना लिंक पाठवली, ११.३६. लिंक उघडली, ११.४२. मदत मिळाली. काम पूर्ण.

भाग चार मी लिहिला होता. त्याची शेवटची ओळ काय आहे हे मला उघडून बघायची गरज नव्हती, तरी बघितली. 'अडचण आल्यास घरातील जाणत्या व्यक्तीची मदत घ्यावी.'

पंपांच्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी मी ही ओळ टाकायचो. तिने कुणाचं काही बिघडत नसे. पत्रक गोड संपतं, गिऱ्हाइकाला बरं वाटतं. माणूस ती वाचतो आणि विसरून जातो. गेली वीस-बावीस वर्षं ती माझ्या बोटांतून आपोआप उतरत होती आणि भाग चार संपवताना तशीच उतरली. ती आहे हेसुद्धा माझ्या ध्यानात नव्हतं. एजंटने ती वाचली, प्रणिताची फाइल चाळली, घरातील जाणती व्यक्ती शोधून काढली आणि प्रणिताचं नाव, आमच्या ऑफिसचा पत्ता, सगळं त्या माणसाच्या हातात दिलं.

पण यानंतर मी काय केलं ते सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तीच आहे. मी प्रणिताला हाक मारली नाही. मी आधी भाग चार उघडला, ती ओळ खोडली, सेव्ह केलं. मग नोंदवही अशी सरकवली की पडद्यावर खालच्या दोन-तीनच ओळी दिसतील. आणि मग हाक मारली.

तिने ते नाव वाचलं. किंचाळेल, रडेल असं मला वाटलं होतं. तिने फक्त टेबलाची कड धरली.

"तो नंबर मी काढला होता," ती म्हणाली.

"फाइलमध्ये राहिला असेल कुठेतरी."

"नाही, सर. मी यादी केली होती. सगळीकडचा काढला होता."

"घरच्या व्यक्तीचा रकाना वेगळा असतो," मी म्हणालो. हे खरंच होतं. "तो राहिला असेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पडद्याकडे बघत राहिलो.

मॅडम आल्या, त्यांनी वाचलं आणि मग त्या बाईने अर्ध्या मिनिटाचाही वेळ घालवला नाही. "बॅग घे. वसतिगृहावर जाऊन कपडे घ्यायचे आणि निघायचं," त्या प्रणिताला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुठं नेते ते तुम्ही विचारू नका, सर. माहीत नसलेलं तोंडातून निघत नाही. पण कुणी आलंच तर इथं कोणीतरी पाहिजे. थांबाल काय?"

"थांबतो."

प्रणिता दारात थांबली. "साडेअकराला लिंक मिळाली म्हणजे बार्शीहून निघून तो आता टेंभुर्णीच्या, पंढरपूरच्या पुढे असेल," ती म्हणाली. "गाडी तो स्वतः चालवतो. कुठे थांबत नाही." मग मॅडमच्या मागून जिना उतरून गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा सव्वातीन वाजले होते.

मी एकटा राहिलो. बाहेरचं लोखंडी दार आतून लावावं असं दहा वेळा मनात आलं, पण लावलं असतं तर आत काहीतरी लपवलंय असं दिसलं असतं. खालच्या बेकरीतून टोस्टचा वास येत होता. जिन्यावर पाऊल वाजलं की मी उठून उभा राहायचो. एकदा वरच्या मजल्यावरचा शिंपी होता. एकदा वीजबिलवाला. आणि मग साडेपाचला जिन्यावरून सावकाश, धाप न लागता चढणाऱ्या माणसाची पावलं आली.

माझ्या डोळ्यांपुढे कुणी आडदांड माणूस होता. आला तो पस्तिशीचा, बारीक, इस्त्रीचा फिकट शर्ट घातलेला. खिशाला पेन. चप्पल त्याने दाराबाहेर काढली.

"नमस्कार. मी शशिकांत बारबोले. आमच्याकडच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे." तो मी बसा म्हणण्याआधीच बसला. "दुपारी फोनवर आपणच होतात ना? आवाज ओळखला मी. सहापर्यंत उघडं असतं म्हणालात, म्हणून जरा घाई केली."

"कुणाकडे काम आहे?"

"प्रणिताकडे. माझी पत्नी."

"या नावाचं इथं कोणी नाही."

तो हसला. राग नाही, काही नाही. पोराने गृहपाठ चुकवल्यावर मास्तर हसतो तसं.

"सर, आपण वयाने मोठे आहात. खोटं बोलायला लावून मला आपल्याला त्रास द्यायचा नाही. मलाही काही बळजबरी करायची नाही. मला मेसेज आला म्हणून मी आलो." त्याने फोन काढून माझ्यासमोर धरला. "वाचतो, ऐका. 'नमस्कार. आपल्या घरातील प्रणिता यांना लिंक उघडण्यात अडचण येत आहे. आपण घरातील जाणती व्यक्ती आहात. कृपया त्यांना मदत करावी.'"

मी समोरचे कागद सारखे केले.

"दोन वर्षं मी तिच्या माहेरच्यांच्या, मैत्रिणींच्या दारात उभा राहतोय. सगळे मला दुष्ट ठरवून दार लावतात. आणि हे बघा. 'आपण घरातील जाणती व्यक्ती आहात.'" त्याचे डोळे खरंच भरून आले होते, आणि ते बघून मला जास्त भीती वाटली. "मी पुस्तकांतला माणूस आहे हो. शब्द कळतात मला. हे कुणी लिहिलं?"

"मशिनने."

"मशिन 'जाणती' म्हणत नाही, सर. हे कुणा संसारी माणसानं लिहिलंय. त्याला माझे आभार सांगा."

तो सहा वाजेपर्यंत बसला. इकडचं तिकडचं विचारत राहिला, माझं गाव कोणतं, मुलं किती, पंपांच्या कारखान्यात किती वर्षं होतो. मध्येच उठून प्रणिताच्या टेबलापाशी गेला आणि न विचारता बरोबर तिच्याच खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. त्याला ती कशी कळली, मला माहीत नाही. सहा वाजता त्याने मला कुलूप लावायला मदत केली, खाली उतरला आणि समोर चहाच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला. शुक्रवारी, शनिवारी, सोमवारी तो तिथेच होता. मॅडमनी पोलिसांत अर्ज दिला. पोलीस म्हणाले, चहा पितोय तो, काय करायचं? मंगळवारी तो दिसला नाही.

प्रणिता तोवर खूप लांब गेली होती. मॅडमच्या एका मैत्रिणीने तिला आसरा दिला होता, पुढे तिला तिथेच एका शाळेच्या कार्यालयात काम मिळालं. तो माणूस तिच्यापर्यंत पोहोचला नाही.

हॉस्पिटलला झाल्या प्रकाराचा अहवाल द्यायचा होता. लिहिणार कोण? मीच. मॅडमनी विचारलं, "कशामुळं झालं लिहायचं, सर?" मी लिहिलं: 'पेशंटच्या फाइलमध्ये घरातील व्यक्तीचा जुना नंबर राहून गेला होता. पेशंटने तो वेळीच बदलला नव्हता.' एक अक्षर खोटं नव्हतं. मॅडमनी ते वाचून सही केली आणि एक प्रत प्रणितालाही पाठवली.

सहा महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, मला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"सर, प्रणिता बोलतेय. बोलू ना?"

मला इतका आनंद झाला की मी एका दमात चार प्रश्न विचारले. ती ठीक होती. हवा चांगली होती. काम बरं होतं. मग ती मुद्द्यावर आली.

"सर, तो अहवाल मी खूप वेळा वाचला. मला अजून वाटतं, मी तो नंबर काढला होता. यादीत हॉस्पिटलपुढे खूण केल्याचंसुद्धा आठवतं. मग राहिला कसा?"

"अगं, झालं ते झालं."

"तसं नाही, सर. तो मला नेहमी म्हणायचा, तुला साधी गोष्ट लक्षात राहत नाही. मी गॅस बंद केलेला असायचा, तो म्हणायचा चालू ठेवलास. किल्ली तोच लपवायचा आणि म्हणायचा, हरवलीस. तुझ्यासारखीला एकटीला जगता येणार नाही, कुणीतरी जाणतं लागतं सोबत. हे खोटं आहे, माझं डोकं ठिकाणावर आहे, एवढ्याच जोरावर मी घराबाहेर पडले होते." तिचा आवाज खाली गेला. "आता शाळेत साधी पावती फाडताना अडखळते. तीन तीनदा बघते. तो म्हणायचा ते खरंच असेल का, असं वाटायला लागलंय. सर, नोंदवही तुम्ही पाहिली होती. माझीच चूक होती ना?"

बायको स्वयंपाकघरात पोहे परतत होती. मी खिडकीपाशी उभा होतो. ती ओळ माझी होती, एवढंच म्हणायचं होतं. नंबर राहिला तर राहिला, तुझ्या फाइलमध्ये तो दहा वर्षं पडून राहिला असता तरी तुझं काही बिघडलं नसतं, तो उचलून त्याला पाठवा असं मी लिहिलं होतं. वाक्य तयार होतं. आयुष्यभर वाक्यंच लिहिली मी. पण मग अहवाल, मग मॅडम, मग सहा महिने गप्प का बसलात, सगळं पुढे उभं राहिलं.

"होतं असं कधी कधी," मी म्हणालो. "मनाला लावून घेऊ नकोस, पोरी."



"हं," ती म्हणाली. "बरं झालं विचारलं, सर. ठेवते."

त्यानंतर जेमतेम महिना गेला असेल. मृणाल मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या आणि शेजारची खुर्ची ओढून बसल्या. प्रणिता बार्शीला परत गेली, त्यांनी सांगितलं. कुणी शोधत आलं नव्हतं, कुणी न्यायला आलं नव्हतं. तिने स्वतःच नवऱ्याला फोन केला, शाळेत राजीनामा दिला आणि एकटीच एस.टी.त बसून गेली.